बांबूवरची खूण

चंपतरावाच्या अकरा भागांत
मी अकरा वेळा दूधवाला.
नाव फक्त पाचव्या भागात मिळालं, डोमाजी.
सहाव्यात परत घेतलं,
कारण त्या नावाचा एक माणूस
निर्मात्याच्या वॉर्डात निवडणुकीला उभा होता.

काम एकच. दार वाजवायचं,
उधारी मागायची,
चंपतराव मागच्या दारानं चंपत
आणि बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर.
पहिल्या भागात पाणी विहिरीचं होतं,
आता टँकरचं. चव बदलली आहे.

एरवी मी इतवारीत ठोक दुकानात
हळदीची पोती मोजतो.
शेठ म्हणतात, हिरो, जरा हात चालव.

शूटिंग नवतपात,
लग्नं उरकली की कॅमेरा निम्म्या भावात मिळतो.
पाचपावलीची गल्ली, सेहेचाळीस डिग्री,
आणि टेकच्या आधी पहिला हुकूम: कूलर बंद!
पोरगं घरोघरी धावतं, काकू, दोनच मिनिटं.
काकू म्हणतात,
मागच्या साली बी दोनच म्हटलं होतं बे तुनं.

हवालदार म्हणजे तुमाने, वीज मंडळातून निवृत्त.
वर्दी स्वतःच्या पैशानं शिवलेली.
एकदा खऱ्या पोलिसानं त्याला सलाम ठोकला,
तो किस्सा तो दर भागाला सांगतो.
पहिल्यांदा तो शिपाई होता,
आता डीवायएसपी झालाय.
भटजी कामठीचा रज्जाक, धंद्यानं शिंपी,
मंगलाष्टकं त्याची खणखणीत.

आणि सासू म्हणजे अनुसया निमजे.
चंपतरावापेक्षा सहा वर्षांनी लहान.
पहिल्या भागात केसांना पावडर फासून
तिनं म्हातारपण उसनं आणलं.
दहाव्यापर्यंत पावडर लागेनाशी झाली.

पौषात ती गेली. मेडिकलमध्ये.
बाजूच्या खाटेवरची बाई ओळखून हसली म्हणे,
तर हिनं नाकातली नळी सरकवून
अख्खा डायलॉग म्हणून दाखवला.

दिग्दर्शक म्हणाला, सासू तर पाहिजेच.
चौथ्या भागातला खिडकीचा शॉट आहे, तोच लावू.
समोर तू. फक्त शर्ट तोच पाहिजे.
बायकोनं पेटीतून शर्ट काढला.
मधल्या दोन गुंड्या लागेनात.
रज्जाकनं पाठीवरून उभा फाडला,
मी समोरून चौथ्या भागातला,
मागून अकराव्या.

खिडकीत बांबू उभा केला.
तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खडूची खूण.
तिकडे पाहून बोलायचं,
तिचा आवाज एक जण मोबाइलवर लावणार.

तो शॉट मला आठवतो.
मी वाक्य विसरलो होतो.
तीन महिन्यांचे पैसे मागायचे, तिथं म्हणालो,
बाई, जरा पाणी द्या.
ऊनच तसं होतं.
आणि ती हसली,
तोंडाला पदर लावायचंही विसरून.
पुन्हा घ्यायला पैसे कुठं होते.
टॉकीजमध्ये त्याच जागी शिट्ट्या पडल्या,
लोकांना वाटलं, लिहिलेलं आहे.

आता खरंच लिहिलेलं होतं. कागदावर,
मोठ्या अक्षरात, माझी चूक.

कूलर बंद. गल्ली गप्प.
"काय पाहिजे बे तुले?"
पत्र्यावर फुटाणे पडावेत तसा आवाज.
मी खुणेला म्हणालो, बाई, जरा पाणी द्या.
ती हसली.
तेवढीच हसली, जेवढी तेव्हा.

कट कोणी म्हटलं ते ऐकू आलं नाही.
पाठीला वारा लागला फाटक्या शर्टातून,
गल्लीतले कूलर एकेक सुरू होऊन राहिले होते.
तुमाने म्हणाला, झालं बे, चाल, पोहे आले.
आणि माळ्यावरून पोरगं ओरडलं,
काका, बादली आत्ताच भरू,
का खाल्ल्यावर?